लागू नाही

"वाचताना मान दुखते का?" असं मी विचारलं, तेव्हा ती केळीच्या सुकलेल्या पानांवर पाय पसरून बसली होती आणि डोक्यावरची चुंबळ काढून तिने मांडीवर घेतली होती. जुन्या लुगड्याची, घामाने ओली, मधोमध खोलगट झालेली चुंबळ. मे महिना, जळगाव जिल्ह्यातला चोपडा तालुका, सकाळचे साडेआठ. बागेबाहेर ऊन तापायला लागलं होतं, आत मात्र दमट गारवा आणि चिकाचा तो तुरट, किंचित आंबूस वास. मुकादमाने केळीचे घड वाहणाऱ्या टोळीला चहापुरती सुट्टी दिली होती. तेवढ्या वेळात मला माझ्या पीएचडीसाठी एका माणसाची मानदुखीवरची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यायची होती. ही सातवी. आधीच्या सहा जणांनी या चौथ्या प्रश्नाला मुकाट "नाही" म्हटलं होतं आणि मी सहाही वेळा शून्यावर खूण करून पुढे गेले होते. हिने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "माले वाचता उनं असतं ते मन्ही मान दुखती का, माय?"

बाकीच्या बाया हसल्या. मीही हसले. पेन मात्र कागदावर टेकेना.

परत येताना तापीच्या पुलावर बस थांबली होती, कसलं तरी काम चाललं होतं. फाइल मांडीवर उघडून मी आधीचे सहा कागद काढले. सहा शून्यं. त्या प्रश्नावलीत शून्याचा अर्थ असा, की माणूस हवं तितकं वाचू शकतो आणि मान अजिबात दुखत नाही. त्या सहांपैकी चौघांचे संमतिपत्रावर अंगठे होते. म्हणजे अंगठा घेतला मीच, साक्षीदाराची सही घेतली मीच, आणि पुढच्याच पानावर "हवं तितकं वाचू शकतो" असंही मीच लिहून टाकलं. प्रत्येक अंगठ्याच्या कडेला शाईच्या जोडीला चिकाचा काळपट तपकिरी डाग होता. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. कागदावरूनही जात नाही.

ज्यांचा या प्रश्नावलीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. मानेच्या दुखण्याने माणसाचं रोजचं जगणं किती अडतं हे मोजायला जगभर 'नेक डिसॅबिलिटी इंडेक्स' वापरतात. टोरांटोच्या दोघांनी ती कंबरदुखीच्या एका जुन्या प्रश्नावलीच्या धर्तीवर बेतली आणि १९९१ साली प्रसिद्ध केली. दहा मुद्दे: दुखण्याची तीव्रता, स्वतःचं आवरणं, वजन उचलणं, वाचणं, डोकेदुखी, चित्त लागणं, काम, गाडी चालवणं, झोप, करमणूक. प्रत्येकाला शून्य ते पाच, एकूण पन्नास. उपकरण म्हणून वाईट नाही, उलट फार वापरलं गेलेलं, तावूनसुलाखून निघालेलं आहे. पण ते हातात घेऊन केळीच्या बागेत शिरलं की टोरांटोतलं घर, घरापुढची मोटार आणि रात्री पलंगावर पुस्तक वाचणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. गाडी चालवण्याच्या प्रश्नाला एका गड्याने गंभीरपणे विचारलं होतं, "ट्रॅक्टर चाली का?" मी म्हटलं चालेल. आता ते चालेल की नाही यावर गाईडबरोबर अर्धा तास चर्चा होऊ शकते, आणि झालीही.

अमळनेरला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. बारा वर्षं झाली. जखडलेले खांदे, पक्षाघाताचे पेशंट, गुडघे, कंबर आणि मानेला पट्टा लावून आलेले शिक्षक. इथे लोक माझ्याकडे "शेक घ्यायला" येतात. "मॅडम, मशीन लावा, कसरत नको," हे वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकते. करंट घेतल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं त्यांना वाटत नाही, आणि माझी खरी विद्या कसरतीत आहे हे मला त्यांना दर वेळी नव्याने पटवावं लागतं. साडेचार वर्षं बीपीटीएच ही पदवी, दोन वर्षं एमपीटीएच ही पदव्युत्तर पदवी, एवढं शिकूनही गल्लीतली एक आजी मला "मालिशवाली पोर" म्हणते. प्रेमाने म्हणते, त्यामुळे भांडताही येत नाही. आमच्या नावामागे 'डॉक्टर' लागावं की नाही हा तर देशपातळीवरचा वाद. सप्टेंबर २०२५ मध्ये, लावू नका असं दिल्लीहून पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जेवढे मेसेज आले तेवढे कोविडमध्येही आले नसतील. आई फोनवर म्हणाली, "मग ती पीएचडी लवकर उरकून टाक बाई, म्हणजे कुणाच्या पत्राची भीती नको."

मी पीएचडीला का बसले, याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर तेही असंच अर्धंमुर्धं आहे. थोडी ती पाटी. थोडं कॉलेजात शिकवायला मिळेल हा हिशेब. आणि थोडी एक खाज. माझ्याकडे चोपडा, अडावदकडून केळी वाहणारे पेशंट यायचे. सगळ्यांची तक्रार साधारण एकाच जागी, मानेच्या मुळाशी, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सगळे गायब. बरे झाले म्हणून गायब, की रोज बुडतो म्हणून, हे मला कधी कळलंच नाही. ते कळावं असं वाटायचं. नवरा म्हणाला, "तू डॉक्टर होशील तोवर आपलं पोरगं दहावीला जाईल." पोरगं तेव्हा दुसरीत होतं. आता चौथीत आहे आणि माझं निम्मंही झालेलं नाही, म्हणजे नवऱ्याचं गणित बरोबरच निघणार.

जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, पण आरोग्यशाखेची पीएचडी तिथे होत नाही, त्यासाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा उंबरठा. एसटीने धुळे, मालेगाव, नाशिक आणि पुढे दिंडोरी रोडला म्हसरूळ. त्या दिवशी पुलावर थांबलेल्या बसमध्ये मात्र मला जळगावचीच पाटी आठवत राहिली. ज्या बाईला अक्षर येत नव्हतं तिच्या नावाने निघणाऱ्या पदव्या. तिला कुणी चौथा प्रश्न विचारला असता तर काय उत्तर मिळालं असतं कोण जाणे. निदान ऐकणाऱ्याने शून्यावर खूण करायचं धाडस केलं नसतं.

गाईडना फोन केला तर त्यांनी दोन मिनिटांत सोडवलं. "अहो, ज्याला तो मुद्दा लागूच नाही त्याला शून्य द्यायचं नाही, 'लागू नाही' लिहायचं. उरलेल्या मुद्द्यांवरून टक्केवारी काढायची. एवढं काय!" त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. माझी चूक चूकच होती, आणि म्हणून तर आधी थोड्या लोकांवर चाचणी घ्यायची असते. मराठी प्रश्नावली इथे चालते की अहिराणीतून विचारावं लागेल, कुठे अडतं, कुठे लोक भलताच अर्थ घेतात, हे तीसचाळीस जणांत आधी कळलं म्हणजे पुढे शेकड्यात पस्तावायची वेळ येत नाही. मी रात्री बसून चौघांच्या शून्यांवर एकेक आडवी रेघ मारली, शेजारी 'लागू नाही', तारीख, सहीची आद्याक्षरं. खोडरबर, व्हाइटनर चालत नाही. चूक वाचता आली पाहिजे असा नियम आहे, आणि संशोधनातल्या सगळ्या नियमांत मला तो सगळ्यात जास्त आवडतो.

मग सातव्या कागदाची बेरीज केली. वाचन आणि वाहन सोडून आठ मुद्दे, चाळीसपैकी नऊ. साडेबावीस टक्के. म्हणजे सौम्य.

सौम्य! सकाळभरात त्या बाईने माझ्यादेखत बागेतून रस्त्यापर्यंत एकोणीस फेऱ्या मारल्या होत्या. एका घडाचं वजन मी ट्रकजवळच्या काट्यावर करून घेतलं होतं, चोवीस किलो. मऊ, ओल्या मातीत पाय रुततो, वर पानं तोंडावर येतात म्हणून मान थोडी पुढे काढून, हनुवटी वर करून चालायचं, आणि घड खरचटला तर व्यापारी भाव पाडतो म्हणून तो उतरवताना आपल्या मानेपेक्षा त्याची काळजी घ्यायची. मग नऊच कसे आले? उत्तर तिसऱ्या प्रश्नात आहे, तिथे काही आलंच नाही. 'वजन उचलता येतं का?' येतं की, सकाळपासून तेच चाललंय. शून्य. 'नेहमीचं काम करता येतं का?' यावर ती म्हणाली होती, "करनंच पडस." आता 'करावंच लागतं' असा पर्याय त्या कागदावर नाही. मी 'करता येतं'वर खूण केली. जी बाई दुखतंय म्हणून घरी बसू शकते तिचा आकडा वाढतो, आणि जिला बसायची सोय नाही तिचा कमी येतो. आमच्या शास्त्रात याच्या आसपासच्या गोष्टीला नाव आहे: जे कामावर टिकून आहेत तेच तुम्हाला कामावर भेटतात, म्हणून कामकरी माणसं कागदावर निरोगी दिसतात. एमपीटीएचला परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती. पाच गुणांची. बागेत उभं राहिल्यावर ती टीप आठवलीही नव्हती.

त्याच रात्री एक आगाऊपणा केला. तीच प्रश्नावली स्वतःची भरली. पीएचडी सुरू झाल्यापासून रात्री भांडी झाल्यावर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, वाकून दोन दोन वाजेपर्यंत पेपर वाचणं. पेशंटांना मी रोज सांगते की स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत ठेवा, अर्ध्या तासाने उठा. स्वतः उठत नाही. वाचन, तीन. डोकेदुखी, दोन. चित्त लागणं, दोन. स्कूटर चालवणं, एक. असं करत करत पन्नासपैकी तेरा. सव्वीस टक्के. तिच्यापेक्षा मी साडेतीन टक्क्यांनी जास्त अधू. हा आकडा मी कुणाला दाखवला नाही, गाईडना तर नाहीच. पण झोपताना उशी सारखी करताना मानेवर हात गेला आणि उगीचच लाज वाटली. मान तर खरोखर दुखत होती. खोटं त्यात काही नव्हतं.

मानेच्या मुळाशी बोटांना लागतो तो सातवा मणका. डोकं खाली घातलं की सगळ्यात पुढे येतो. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना तो मी पहिल्यांदा जिवंत माणसावर शोधला, आईच्या मानेवर. आई शिवणकाम करायची. मशीन खिडकीशी, उजेडाला पाठ नको म्हणून भिंतीला तिरकं लावलेलं, आणि मी लहान असताना शेजारी पाटावर बसून धडा मोठ्याने वाचायचा असा तिचा दंडक. स्वतः ती सातवीपर्यंत शिकलेली. धड्यात काही चांगलं आलं की पायटा थांबायचा. मशीनचा आवाज थांबला की मला कळायचं, आता ती खरंच ऐकतेय. बाकी वेळ मान खाली. तिची ती वाकलेली मान, पोलक्याच्या गळ्याच्या वर दिसणारा उंचवटा आणि त्यावर चिकटलेला दोऱ्याचा तुकडा, हे माझ्यासाठी आईचं रूप होतं, चेहऱ्याइतकंच. सुट्टीत घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात त्या उंचवट्यावर बोट ठेवलं आणि मणक्याचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "ते माझ्या आईलाही होतं." आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिली. मान दुखते असं ती कधी म्हणाली नाही. "आज मान मोडली बाई," असं रोज म्हणायची, पण ते आम्ही कुणी दुखणं म्हणून ऐकलंच नाही. ते वाक्य दिवस संपल्याचं होतं, दिवेलागणीसारखं.

तर तो मणका आता मला बागेत शोधायचा असतो. मान किती पुढे आली हे मोजायला बाजूने फोटो काढतात: कानाच्या भोकापुढच्या कुर्चेवर एक खूण, सातव्या मणक्यावर एक खूण, दोन्हींना जोडणारी रेघ आडव्या रेषेशी किती कोन करते ते बघायचं. कोन जितका लहान तितकी मान पुढे. खुणेसाठी विकत आणलेली स्टिकरं घामाने दोन मिनिटांत गळून पडली. तेव्हा टोळीतल्या एका तरुण पोरीने आपल्या पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढून दिलं. लाल, मोठी, गोंदाला पक्की. मी एकेकीच्या मानेवर आणि कानापाशी टिकली लावत गेले आणि बाया लोटपोट हसत होत्या, की मॅडम सवाष्णींना मागून कुंकू लावते. त्या सातव्या बाईने मात्र टिकली लावायच्या आधी हात धरला. ती विधवा होती. मग खिशातून पेन काढून मी निळा ठिपका दिला. प्रबंधाच्या 'पद्धती' प्रकरणात हे लिहायचं कुठे, हे अजून मला सुचलेलं नाही. "खूण म्हणून चिकट वर्तुळ अथवा शाईचा ठिपका," इतकंच जाईल बहुतेक.

दुखण्याच्या शब्दांचंही तसंच. १९७५ सालच्या मॅकगिलच्या प्रश्नावलीत दुखण्याचे अठ्ठ्याहत्तर शब्द आहेत, वीस गटांत लावलेले. तेवढे आमच्याकडेही निघतील. ठणका, कळ, चमक, ठुसठुस, आग, सल, मुंग्या, भरून येणं, अवघडणं. पण तर्जुम्याची पद्धत अशी, की मराठीत केलेलं दुसऱ्या कुणीतरी मूळ न बघता पुन्हा इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही जुळतंय का पाहायचं. 'मान धरली' हे त्या फेरीतून परत आलं तेव्हा कुणीतरी कुणाचा तरी गळा पकडला होता. आम्ही खूप हसलो. मग ते काढून 'मान कडक झाली' असं लिहिलं, जे जुळलं, आणि जे मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. मानांकन या शब्दात मान आहे, एवढं माझ्या धंद्यामुळे नजरेला येतं, दुसरं काही नाही.

प्रश्न वेगळे विचारता येतील, हे मला आता दिसतं. चुंबळ ठेवताना दुखतं का? घड उतरवल्यावर मान सरळ व्हायला किती वेळ लागतो? भाकरी थापताना? रात्री कूस बदलताना? पण तसं केलं तर ती नवी प्रश्नावली झाली. ती खरी ठरवायला आणखी दोन वर्षं, विषयात बदल म्हणून पुन्हा मंजुरी, पुन्हा एथिक्स कमिटी, पुन्हा म्हसरूळच्या फेऱ्या. गाईड म्हणाल्या, "पीएचडी पूर्ण करायची असते, जग बदलायचं नसतं. ते नंतर." मला राग आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. क्लिनिक आठवड्यातून तीन दिवस बंद असतं, हप्ते बंद नसतात. मी टोरांटोचीच प्रश्नावली पुढे चालवायची असं ठरवलं, आणि वहीच्या मागच्या पानावर माझे वेगळे चार प्रश्न लिहून ठेवले. विचारते, उत्तरं लिहिते. कुठे वापरणार, ते ठरलेलं नाही.

डिसेंबरात पुन्हा तीच टोळी, वेगळा बाग. थंडी एवढी की पानांवरून दव टपटपत होतं. एका बाईने कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला, मी उभ्या उभ्या खाल्ला. सहा महिन्यांनंतरची दुसरी फेरी, म्हणून संमतिपत्र नव्याने. मी शाईचं पॅड काढलं तर सातवी म्हणाली, थांब. नातीने तिला सही शिकवली होती. बचत गटाच्या पासबुकासाठी. तिने फाइल मांडीवर घेतली, पेन मुठीत धरल्यासारखं धरलं आणि वाकली. मी पुढे झाले नाही. पहिलं अक्षर, मग खूप वेळ काहीच नाही, मग काना. दंव पडून कागदाचा कोपरा ओला झाला. चार अक्षरांना मिनिटभर सहज लागलं असेल. मुकादमाने दोनदा हाक मारली, तिने वर बघितलं नाही. शेवटच्या अक्षरावर रेघ ओढली आणि सरळ होता होता डावा हात मानेच्या मागे गेला, बरोबर त्या उंचवट्यावर. चोळत चोळत माझ्याकडे बघून हसली.

"हाई देख," ती म्हणाली. "आते दुखनी."

नवा कागद मी भरायला घेतला होता आणि चौथ्या रकान्यात सवयीने आधीच 'लागू नाही' लिहून ठेवलं होतं. त्यावर एक आडवी रेघ मारली. तारीख घातली, आद्याक्षरं घातली. मग विचारलं, "किती दुखली?"

चुंबळ डोक्यावर ठेवत ती उठली. "लिख तुले वाटस ते," म्हणाली, आणि घडाखाली वाकली.